सकाळचं एकच गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक आहे. तिसरी-चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. मुलं उभ्या मांडणीतली बेरीज, वजाबाकी, गुणाकार बरोबर करतात, पाढेही पाठ आहेत. पण शाब्दिक उदाहरण दिलं की नीट वाचायच्या आधीच 'सर, बेरीज करायची का वजाबाकी?' असं विचारतात. परिपाठ झाल्यावर रोज दहा मिनिटं सराव घ्यायचं ठरवलंय. नेमकं काय घ्यावं? रोज घेतल्याने फरक पडतो का? आणि अभ्यासक्रम मागे तर पडणार नाही?"

फरक पडतो. पण तो त्या दहा मिनिटांत तुम्ही काय करता यावर आहे. मी स्वतः पहिली दोन वर्षं ही दहा मिनिटं फुकट घालवली, त्यामुळे आधी माझंच सांगते.

माझी बरीचशी नोकरी माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर झाली, सगळ्या दोन शिक्षकी शाळा. तेव्हा मी रोज सकाळी फळ्यावर पाच उदाहरणं लिहायचे. दोन बेरजा, दोन वजाबाक्या, एक गुणाकार. घड्याळ लावायचं आणि 'पहिलं कोण?' म्हणून विचारायचं. चार पोरं झरझर सोडवून पाटी उंच धरायची, पाच-सहा जण त्यांच्या पाट्यांवर डोळा ठेवून असायचे, आणि उरलेल्यांना कळून चुकलेलं असायचं की हा खेळ आपला नाही. दोन वर्षांत वर्गाचा वेग वाढला, हे खरं आहे. पण संकलित चाचणीत शाब्दिक उदाहरणांची जागा पूर्वीसारखीच कोरी, नाहीतर दिलेले दोन आकडे एकाखाली एक मांडून केलेली बेरीज. मी सराव घेत होते आकडेमोडीचा आणि मुलं अडत होती दुसरीकडेच.

ती अडतात कुठे? 'बेरीज का वजाबाकी' असं विचारणाऱ्या मुलाला बेरीज येत असते, वजाबाकीही येत असते. त्याने गोष्ट वाचलेली नसते. त्याने दोन आकडे शोधलेले असतात आणि एक खुणेचा शब्द. ही सवय आपणच लावतो. 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' आलं की गुणाकार नाहीतर भागाकार, असा तक्ता माझ्याही वर्गात भिंतीवर होता, रंगीत कागदाची किनार लावलेला. एकदा मी फळ्यावर लिहिलं: "आबांनी बाजारात ७ मेंढ्या विकल्या. आता त्यांच्याकडे १८ मेंढ्या उरल्या. बाजाराला जाण्याआधी किती मेंढ्या होत्या?" वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी ११ लिहिलं. 'विकल्या' आहे, 'उरल्या' आहे, तक्ता वजाबाकी म्हणतो. म्हणजे घरात मेंढरं असलेली पोरंसुद्धा सांगत होती की आबांकडे आधी ११ मेंढ्या होत्या, त्यांतल्या ७ विकल्यावर १८ उरल्या! तो तक्ता मी त्याच दिवशी काढला.

हे आपल्याच मुलांचं नाही. फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथल्या गणित-अध्यापन संस्थेने १९८० च्या आसपास प्राथमिकच्या ९७ मुलांना एक गणित घातलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून कप्तानाचं वय काढून दिलं. मी कप्तानाच्या जागी धनगर घालून हे गणित माझ्या वर्गात दिलं. ३६ अशी उत्तरं धडाधड आली. एकाने तर २६ मधून १० वजा केले आणि मग स्वतःच खोडून म्हणाला, "सोळा वर्साचा धनगर नसतोय, बाई. छत्तीसच बरोबर हाय." गंमत बघा, त्याने उत्तर व्यवहाराशी ताडून पाहिलं. म्हणजे ती बुद्धी त्याच्याकडे होती. फक्त ती गणिताच्या शेवटी वापरायची, सुरुवातीला नाही, असा त्याचा समज झाला होता.

तेव्हापासून माझ्या सकाळच्या दहा मिनिटांचा एकच नियम आहे. 'काय करायचं?' हा प्रश्न नंतर. आधी 'काय झालं?' फळ्यावर एकच गणित. मुलांनी ते वाचायचं आणि आपल्या शब्दांत गोष्ट सांगायची. आबा कुठे गेले? काय घेऊन गेले? परत येताना कळप मोठा झाला की लहान? आकडे उच्चारायची बंदी. एवढं झालं की 'बेरीज का वजाबाकी' हा प्रश्न मुलं विचारतच नाहीत, कारण त्यांना तो पडत नाही.

ही सवय लावायला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रकार म्हणजे प्रश्नच नसलेलं गणित. "म्हसवडहून निघालेल्या एसटीत ४३ माणसं होती. पहिल्या थांब्यावर ९ उतरली आणि १४ चढली." संपलं. प्रश्न मुलांनी काढायचे. पहिल्या दिवशी सगळी माझ्या तोंडाकडे बघत बसली. मग एक जण म्हणाला, "आता किती माणसं हायत?" दुसरी म्हणाली, "आधीपरीस किती वाढली?" तिसऱ्याने विचारलं, "उभं किती ऱ्हायलं?" त्यावर चर्चा झाली की गाडीत बाकडी किती हे माहीत नसताना हे सांगता येणार नाही. मी काहीही न शिकवता मुलं 'माहिती अपुरी आहे' इथपर्यंत पोचली. दुसऱ्या मुलीचा प्रश्न तर फारच चांगला होता. ४३ ला हातही न लावता त्याचं उत्तर निघतं, १४ मधून ९ गेले. हे जेव्हा वर्गाच्या लक्षात आलं तेव्हा एक-दोघांना अक्षरशः फसवल्यासारखं वाटलं, कारण आकडा दिलाय तर तो वापरलाच पाहिजे अशी त्यांची पक्की समजूत होती.

याच्या उलट प्रकार म्हणजे आकडे नसलेलं गणित. "वर्गाचा पट माहीत आहे. आज काही मुलं आली नाहीत. खिचडी किती मुलांची शिजवायची?" मुलं सांगतात काय करावं लागेल, उत्तर पटापेक्षा मोठं येईल की लहान. मग मी एकेक आकडा उघडते. कधी उत्तर आधी देते: "उत्तर २४ रुपये. गणित तुम्ही बनवा." अर्धी मुलं सुरुवातीला '२० अधिक ४' करून मोकळी होतात, पण गोष्ट पाहिजे म्हटलं की कुणी गोळ्या-बिस्किटांचा हिशेब आणतं, कुणी बसचं हाफ तिकीट. कधी चुकीचं सोडवलेलं उदाहरण लिहिते, ५२ वजा २७ बरोबर ३५, आणि विचारते की असं करणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं असेल. 'चूक शोधा' असं म्हणत नाही. डोक्यात काय चाललं असेल, हे विचारते. कारण सातातून दोन वजा करणारं मूल वर्गात बसलेलं असतंच, आणि दुसऱ्या कुणाचं तरी म्हणून आपल्याच चुकीबद्दल बोलायला त्याला लाज वाटत नाही.

सोमवारी हा प्रकार, मंगळवारी तो, असं वेळापत्रक मी एक वर्ष करून पाहिलं. छान दिसतं, शिक्षण परिषदेत दाखवायला बरं पडतं. पण मुलांना आधीच कळतं की आज काय येणार, आणि आपणही गणित निवडताना 'आज बुधवार' एवढाच विचार करतो. त्यापेक्षा एका गोष्टीवर आठवडाभर राहावं. भागाकारातल्या बाकीचं उदाहरण सांगते, ते मला फार प्रिय आहे.

सोमवारी: "सहलीला ५० मुलं जायची आहेत. एका जीपमध्ये ८ मुलं बसतात. किती जीपा लागतील?" चौथीच्या मुलांनी भागाकार बरोबर केला, भागाकार ६, बाकी २. आणि उत्तर लिहिलं '६ जीपा आणि बाकी २'. मी विचारलं, "ती दोन मुलं कुठे आहेत आत्ता?" हशा पिकला. मग ७ वर एकमत झालं, पण मागून एक आवाज आला की वडापला (गावाकडची भाड्याची जीप) दोन जण मागं लोंबकळत्यात, सहाच पुरत्यात. त्यावर दुसरा म्हणाला की आठ कुठली, वडापमध्ये पंधरा बसत्यात, चारच जीपा बास. हे पोरकट वाटेल, पण माझ्या मते त्या आठवड्यातलं सगळ्यात चांगलं गणिती बोलणं हेच होतं. ५० भागिले १५ हा हिशेब त्याने तोंडी केला होता आणि बाकी पाच जणांची सोय चौथ्या जीपमध्ये लावली होती, कुणी न सांगता.

मंगळवारी: "५० रुपये आहेत. एक वही ८ रुपयांची. किती वह्या येतील?" काल सात म्हणून आजही सात, अशी काही उत्तरं आली. दुकानदार देईल का, एवढंच विचारलं. बुधवारी: "५० मणी आहेत. ८-८ मण्यांच्या माळा केल्या. किती मणी शिल्लक?" गुरुवारी: "५० रुपये आठ जणांत सारखे वाटले. एकाला किती?" सहा-सहा रुपये वाटून दोन रुपये उरले, ते आठ जणांत कसे वाटायचे यावर मुलं बराच वेळ झगडली. मग एकीला सुचलं की रुपयाच्या चार पावल्या होतात, दोन रुपयांच्या आठ. पावली आता चलनात नाही, पण शब्द घरात अजून आहे. एकाला सहा रुपये आणि एक पावली, सव्वासहा. शुक्रवारी चारही गणितं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली. भागाकार एकच, ५० भागिले ८. उत्तरं चार: सात, सहा, दोन, सव्वासहा. "असं कसं?" एवढंच विचारून मी खुर्चीवर जाऊन बसले. त्या दिवशी दहा मिनिटांचा नियम मोडला, पाऊण तास गेला. गेला तर गेला.

आता पद्धत. परिपाठाला जायच्या आधीच गणित फळ्यावर लिहून ठेवा. मुलं आत आली की हजेरी होईपर्यंत वाचत बसतात, तेवढी मिनिटं वाचतात. मग एकदा तुम्ही मोठ्याने वाचा, कारण वाचन कच्चं असलेलं मूल गणितातही कच्चं ठरू नये. दोन मिनिटं पूर्ण शांतता, हात वर करायचा नाही. उत्तर सुचलं तर मूठ छातीशी धरून अंगठा वर करायचा, दुसरी रीत सुचली तर दोन बोटं. हात वर झाला की बाकीच्यांचा विचार थांबतो, अंगठा शेजाऱ्याला फारसा दिसत नाही. नंतर शेजारच्याशी बोलायचं. मग जेवढी उत्तरं आली तेवढी सगळी फळ्यावर, चूक-बरोबर काहीही न म्हणता. त्यातल्या दोघा-तिघांनी आपण कसं केलं ते सांगायचं.

इथे आपला चेहरा फितूर होतो. बरोबर उत्तर आलं की माझ्या तोंडून 'शाब्बास' निघायचं आणि चुकलं की 'बरं'. मुलं इतकी हुशार की 'बरं' ऐकलं की लगेच उत्तर बदलायची. शेवटी मी सगळ्यांनाच 'हं' म्हणायला लागले. महिनाभर जमलं नाही, अजूनही कधी कधी भुवई वर जातेच. आणखी एक अवघड गोष्ट म्हणजे दहा मिनिटं झाली की थांबणं. गणित सुटलं नाही तर तसंच फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या. मधल्या सुट्टीत मुलं त्यावर भांडतात. आपण घाईघाईने उत्तर सांगून टाकलं तर भांडायला काही उरत नाही. (वरचा पाऊण तास अपवाद होता, तो वर्षातून दोनदा चालतो.)

भाषेकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण बरीच मुलं गणितात नाही, पुस्तकी मराठीत अडतात. 'पैकी' हा शब्द आमच्या वाडीवर कुणी बोलत नाही, 'त्यातली' म्हणतात. "३० मुलांपैकी १८ मुली आहेत, तर मुलगे किती?" याला ४८ उत्तर देणाऱ्या मुलाला '३० पोरं, त्यातल्या १८ पोरी' असं सांगितलं की तो हसून १२ म्हणतो. 'प्रत्येकी' ऐकून एका मुलीने मला विचारलं होतं, "प्रत्येकी म्हंजी कोण, बाई?" तिला ते एखाद्या बाईचं नाव वाटलं होतं. 'अनुक्रमे' तर विचारूच नका. म्हणून सुरुवातीचे काही महिने गणित मुलांच्या बोलीत लिहा, मग हळूहळू एकेक पुस्तकी शब्द आत आणा. पूर्ण टाळू नका, परीक्षेत तोच येणार आहे.

सगळ्यात फसवा शब्द 'पेक्षा'. "राधाकडे १२ बोरं आहेत. ती सलमाच्या बोरांपेक्षा ५ ने जास्त आहेत. सलमाकडे किती?" 'जास्त' दिसलं की १७. इथे मी दोन मुलींना पुढे उभं करते, ओंजळीत चिंचोके देते आणि पहिला प्रश्न विचारते, "कुणाकडे जास्त?" बस, आकड्यांचं नंतर. मग फळ्यावर दोन आडव्या पट्ट्या, एक लांब, एक आखूड, आणि लांब पट्टीचा पुढे आलेला तुकडा रंगवायचा. सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकापासून ही पट्ट्यांची रीत शिकवतात. आपल्याला त्यासाठी वेगळं पुस्तक नको, खडू पुरतो. मात्र पट्टी तुम्ही काढून देऊ नका. मुलांची पहिली पट्टी वेडीवाकडी येते, पाचाचा तुकडा बाराच्या पट्टीएवढा लांब येतो, आणि त्यावरूनच कळतं की त्यांना काय समजलं नाही. 'तीनने जास्त' आणि 'तिप्पट' यांतला फरकही पट्टीनेच सुटला, समजावून सांगून कधीच नाही.

आठवड्यातून एखादा दिवस नुसत्या आकड्यांना द्या, पण कागद-पेन्सिल न घेता. फळ्यावर ३९ + २६. काही जण मनातल्या मनात हातचा घेतात, बोट हवेत फिरताना दिसतं. एक जण म्हणतो तीस आणि वीस पन्नास, नऊ आणि सहा पंधरा, पासष्ट. मग मी विचारते, "एकोणचाळीस या नावातच काय लपलंय?" एकोण म्हणजे एकाने उणं, चाळिसाला एक कमी. मग ४० आणि २६ सहासष्ट, त्यातला एक परत. आपल्या भाषेने एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही युक्ती नावातच देऊन ठेवली आहे, फक्त नव्याण्णव वेगळा निघाला. तो का वेगळा, हे मुलं विचारतात, माझ्याकडे त्यांना देण्यासारखं उत्तर नाही.

हीच भाषा दुसरीकडे त्रास देते, हेही खरं. पंचवीस ऐकून ५२ लिहिणारी मुलं दुसरीत हमखास असतात, कारण बोलताना पाच आधी आणि वीस नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर पुन्हा पुन्हा सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, ही रीत जोडीला दिली आहे. टीव्हीवर चर्चा करणाऱ्यांतल्या किती जणांनी दुसरीचा वर्ग पाहिला होता, कोण जाणे. माझ्यापुरतं सांगायचं तर मी दोन्ही वापरते. गोंधळलेल्या मुलाला 'वीस पाच' म्हणून दाखवते, आणि त्याचे आजोबा मेंढरं मोजताना 'पंचवीस' म्हणतात म्हणून तेही.

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हा तर आपला खजिना आहे. सव्वाशे आणि पावणेदोनशे मिळून किती? चौथीचं मूल १२५ आणि १७५ मांडून हातचे घेऊ लागतं. बाजारात आईशेजारी भाजी विकायला बसणारी मुलगी विचार न करता सांगते, "तीनशे. हितला पाव तिकडं गेला." मिरची साठ रुपये किलो तर पावशेर केवढ्याला, हे तिला कागदावर जमत नव्हतं आणि बाजारात चुकत नव्हतं. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विकणाऱ्या मुलांचा असाच एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गिऱ्हाईक बनून विचारलेल्या हिशेबांत त्या मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली, आणि तेच हिशेब शाळेच्या पद्धतीने आकड्यांत मांडून दिल्यावर ३७ टक्के. मुलं पाचच होती, त्यामुळे टक्क्यांवर फार जाऊ नका. पण तसली मुलं तुमच्याही वर्गात आहेत. सकाळच्या दहा मिनिटांत त्यांना बोलतं करा. माझी ती भाजीवाली मुलगी पहिल्यांदा फळ्याजवळ आली ती मिरचीच्या गणिताला, आणि त्यानंतर तिला परत जागेवर बसवणं अवघड झालं.

पाढ्यांबद्दल. सध्या पाठांतराला नावं ठेवायची पद्धत आहे, मला ती पटत नाही. सात आठे किती यावर मुलाचं डोकं खर्च झालं तर गोष्टीचा विचार करायला ते मोकळं राहत नाही. पाढे हवेतच, जमलं तर निमकी-पावकी-दिडकी, म्हणजे अर्ध्याचे, पावचे, दीडचे पाढेसुद्धा. फक्त ते या दहा मिनिटांत घालू नका. आमच्याकडे पाढे मधल्या सुट्टीनंतर, रांगेत, तालावर होतात. सकाळच्या वेळेत एकदा का पाठांतर शिरलं की 'पहिलं कोण?' परत येतं.

दोन वर्ग एकत्र असतील तर गणित एकच ठेवा, आकडे वेगळे. आबांच्याच मेंढ्या: दुसरीला ३ विकल्या ८ उरल्या, तिसरीला १३ आणि ३८, चौथीला ४५० आणि १३८०. आबांकडे एवढ्या मेंढ्या कशा, हा प्रश्न येतो, तेव्हा ते सोसायटीचे आबा आहेत असं सांगते. गोष्ट एकच असल्यामुळे दुसरीची मुलं चौथीचं बोलणं ऐकतात, आणि कधी कधी चौथीवाला आकड्यांत गुरफटलेला असतो तेव्हा दुसरीतलं पोर गोष्ट सांगून त्याला सोडवतं.

वहीसाठी चाळीस पानी पातळ वही पुरे. त्यात उत्तर नाही लिहिलं तरी चालेल, चित्र किंवा पट्टी किंवा 'काय झालं' याचं एक वाक्य हवं. मी रोज पाचच वह्या बघते आणि त्यांवर बरोबर-चूकची खूण करत नाही, एखादा प्रश्न लिहिते. महिन्यातून एकदा जुनंच गणित शब्द फिरवून देते. मेंढ्यांच्या जागी डाळिंबाचे क्रेट, 'विकल्या'च्या जागी 'आणले'. त्यावरून कळतं की मुलांनी गोष्ट वाचली की मागचं आठवून लिहिलं.

अभ्यासक्रमाचं म्हणाल तर हिशेब करा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास. दहा मिनिटं रोज म्हणजे २००० मिनिटं, साधारण ३३ तास. ही मिनिटं गणिताच्या तासातूनच घ्या आणि चालू घटकाशी जोडा, म्हणजे जादा जाणारं फार थोडं असतं. केंद्रप्रमुखांनी विचारलं तर त्यांना परिपाठानंतर वर्गात बसवा, कागदावर समजावण्यापेक्षा ते बरं पडतं. माझ्या अनुभवात जूनमध्ये सुरू केलं तर गणपतीपर्यंत काहीच दिसत नाही, उलट वर्ग मंद झाल्यासारखा वाटतो, कारण मुलं थांबून विचार करायला लागलेली असतात. दिवाळीनंतर 'बेरीज का वजाबाकी' ऐकू येणं कमी होतं. ऊसतोडीला गेलेल्या घरांतली मुलं मध्येच जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात, त्यांना मात्र पुन्हा जवळजवळ पहिल्यापासून घ्यावं लागतं, आणि त्यावर मला अजून चांगला उपाय सापडलेला नाही.

सुरुवात एसटीच्या गणिताने करा, गाव आणि आकडे तुमच्याकडचे घाला. दोन वाक्यं लिहून झाली की खडू खाली ठेवा आणि बाजूला उभे राहा. मिनिटभर काही होणार नाही. मग कुणीतरी म्हणेलच, "सर, प्रश्न लिहायचा ऱ्हायला." त्याला म्हणा, "हो, ऱ्हायला खरा. काय असंल रे?"